‘बाई, हे गणिताचं आहे ना!’

एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला पेच इथे देते. त्यांचं वय ३६, शिक्षण एमएस्सी, बीएड. नाशिकमधल्या एका अनुदानित मराठी शाळेत त्या ९ वर्षं गणित शिकवत आहेत. मिस्टर अंबडला कंपनीत, मुलगी चौथीत, पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटचे हप्ते चालू. दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका कार्यशाळेत गणितशिक्षणावर संशोधन करणारी मंडळी त्यांना पहिल्यांदा भेटली आणि तेव्हापासून मन तिकडे ओढ घेतंय. तिथल्या एका प्राध्यापकांनी ‘पूर्णवेळ पीएचडीला या’ असं सुचवलं. एप्रिलमध्ये राजीनामा द्यावा का, हा त्यांचा प्रश्न. सासरे म्हणतात, कायमची नोकरी कुणी अशी सोडतं का. मुख्याध्यापक म्हणतात, देवळालीचे गणिती कापरेकर सर शाळेत शिकवूनच जगभर गेले, तुम्हाला वर्ग सोडायची काय गरज. स्टाफरूममधले सहकारी म्हणतात, संशोधन करणाऱ्यांनी कधी साठ मुलांचा वर्ग सांभाळलाय का. आणि कार्यशाळेत बसल्यावर त्यांना स्वतःलाच वाटत होतं की इथलं निम्मं बोलणं आपल्या डोक्यावरून जातंय. ‘शेवटी मी ना धड शिक्षिका राहीन, ना धड संशोधक होईन,’ असं त्या लिहितात.

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी थांबले. नोकरी, हप्ते, राजीनामा हे सगळं लिहून झाल्यावर तुम्ही सातवीतल्या एका मुलाचा प्रसंग ताजा कलम म्हणून लिहिलाय. तो इथे सगळ्यांसाठी पुन्हा सांगते, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

हा मुलगा सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर पंचवटीच्या मार्केट यार्डात जातो. कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर ठरतो, शंभर जुड्यांना अमुक रुपये. तुम्ही त्याला मधल्या सुट्टीत सहज विचारलंत, शेकडा साडेबाराशे असेल तर सत्तर जुड्यांचे किती? डबा खाता खाता तो म्हणाला, ‘पन्नासचे सव्वासहाशे, विसाचे अडीचशे, आठशे पंच्याहत्तर.’ पुढच्याच आठवड्यात समप्रमाणाच्या धड्यावर तुम्ही तेच उदाहरण फळ्यावर दिलंत. त्याने वहीत १२५० ला १०० ने गुणून ७० ने भागलं, १७८५.७१ असं उत्तर काढलं आणि पट्टीने त्याखाली दोन रेघा मारल्या. शंभर जुड्या साडेबाराशेला आणि सत्तर जुड्या सतराशे पंच्याऐंशीला! तुम्ही विचारलंत, ‘अरे, बाजारात असं देशील का कुणाला?’ तर तो सहज म्हणाला, ‘बाई, हे गणिताचं आहे ना!’

तुम्ही लिहिलंय की ‘हे वाक्य महिनाभर डोक्यातून जात नाही.’ जाऊ देऊ नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की संशोधन मुंबईला कुठेतरी राहतं आणि वर्ग नाशिकला, आणि तुम्हाला एक सोडून दुसरीकडे राहायला जायचंय. पण मधल्या सुट्टीत एक संख्या विचारायची, पुढच्या आठवड्यात मुद्दाम तीच संख्या फळ्यावर घ्यायची, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची आणि मग मुलालाच विचारायचं, हे तुम्ही जे केलंत त्याला काय म्हणाल? कुणी सांगितलं नसताना तुम्ही एक छोटी चाचणी रचलीत. संख्या तीच ठेवली नसती तर तुलनाच करता आली नसती, आणि ती तुम्ही ठेवलीत.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, तो तुम्हाला ठाऊक असावा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा काराहेर या संशोधक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले आणि नंतर तीच गणितं कागदावर दिली. १९८५ साली ते काम छापून आलं. रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर होती, कागदावर नुसती गणितं मांडून दिली तेव्हा ३७ टक्के. त्यातल्या बारा वर्षांच्या एका मुलाने ३५ ला एक अशा दहा शहाळ्यांची किंमत काढताना पस्तीसवर शून्य दिलं नाही. तीनचे एकशेपाच, आणखी तीनचे धरून दोनशे दहा, असं करत तो साडेतीनशेला पोहोचला. तुमच्या मुलाने सत्तरचे पन्नास आणि वीस केले, तीच ही जात. अलीकडे, २०२५ मध्ये, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो यांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच दाखवलं. उलट बाजूही दाखवली. शाळेत चांगलं गणित करणारी मुलं बाजारच्या हिशेबाशी अडखळतात.

म्हणजे दरी आहे हे सिद्ध होऊन चाळीस वर्षं झाली. तुम्ही आणखी एकदा तेच सिद्ध केलंत तर फार काही पदरात पडणार नाही, हे स्पष्ट सांगते. पण साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासाला, चाचणी परीक्षा तोंडावर असताना त्या मुलाचं ‘पन्नासचे, विसाचे’ फळ्यावर आणलं तर काय होतं? त्याच्यामुळे बाकीच्यांना समप्रमाण कळतं, की ‘ही बाजाराची पद्धत, पेपरात चालणार नाही’ म्हणून मुलं ती खोडून टाकतात? ज्या मुलीने मार्केट यार्ड कधी पाहिलंच नाही तिला शेकडा म्हणजे काय वाटतं? हे फक्त जी बाई त्या वर्गात रोज जाते तिलाच नीट विचारता येतं.

‘हे गणिताचं आहे ना’ या वाक्यासाठी फ्रेंच गणितशिक्षणतज्ज्ञ गी ब्रुसो यांची एक कल्पना आहे. वर्गात शिक्षक आणि मुलं यांच्यात एक अलिखित करार असतो. बाई देतील त्या सगळ्या संख्या वापरायच्या, नुकतीच शिकवलेली रीत लावायची, उत्तर पटतंय का हे पाहणं आपलं काम नव्हे. तुमचा मुलगा ढ नाही. त्याने तो करार इमानदारीने पाळला. ब्रुसो १९५० च्या दशकात स्वतः प्राथमिक शिक्षक होते, आणि पुढे त्यांनी बोर्दोजवळच्या तालांस गावातली एक नेहमीची शाळाच संशोधनासाठी जोडून घेतली. तिथे शिक्षक आणि संशोधक मिळून पाठ ठरवत, मग वर्गात काय झालं ते बसून पाहत. १९७० च्या दशकापासून जवळजवळ पंचवीस वर्षं हे चाललं. अमेरिकेत डेबरा बॉल यांनीही विद्यापीठात असताना रोज तिसरीचा गणिताचा तास स्वतः घेतला. शॉन नावाच्या मुलाने ‘सहा ही संख्या समही आहे आणि विषमही’ असं म्हटल्यावर त्यांनी ते खोडलं नाही, वर्गापुढे चर्चेला ठेवलं. सहामध्ये तीन जोड्या आहेत आणि तीन विषम, असं त्याचं म्हणणं होतं. त्या एका तासावर जगभरात किती लिहिलं गेलंय!

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. वर्गात पाऊल न टाकता लिहिलेले शोधनिबंध मीही पुष्कळ वाचलेत. त्यांना उत्तर द्यायचंच तर ब्रुसो आणि बॉल यांची नावं सांगू नका. त्या मुलाची वही दाखवा.

आता कापरेकर सर. तुमच्या मुख्याध्यापकांनी फार मोठं नाव घेतलंय आणि आपल्या नाशिककरांच्या ते जिव्हाळ्याचं आहे. १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षकी केली, १९४९ साली ६१७४ ची गंमत मांडली. सगळे सारखे नसलेले कुठलेही चार अंक घ्या, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, असं करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतं. ३५२४ घेतलीत तर तिसऱ्याच वजाबाकीला येतं. वर्गात करून पाहा, तास कसा जातो कळत नाही. पण मुख्याध्यापकांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. कापरेकर सरांचं संशोधन संख्यांवर होतं. त्याला कागद, पेन्सिल आणि त्यांची विलक्षण एकाग्रता पुरेशी होती. तुमचं संशोधन मुलांवर आहे. त्याला पालकांची परवानगी लागते, दुसऱ्याचे डोळे लागतात, ‘तू मुलाच्या तोंडी तुझंच उत्तर घालते आहेस’ असं सांगणारं कुणीतरी लागतं. शिवाय सर किती वर्षं एकटे होते तेही आठवा. गणितावर लोकांसाठी लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे बाहेरचं जग त्यांना ओळखू लागलं. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्यांच्या चिकाटीचा आदर्श घ्या, त्यांच्या एकटेपणाचा घेऊ नका.

आणि वर्ग आणि संशोधन यांच्या मधली ही माणसं आपल्याकडे किती हवी आहेत, ते २०१९ ने दाखवून दिलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ असं वाचनही आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या, पण ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा, ‘सत्तावीस’ ऐकून मूल आधी सात का लिहितं, मग ७२ कसे होतात, आणि ‘एकोणसाठ’ ऐकल्यावर साठ कानावर पडल्यामुळे ६९ कसे लिहिले जातात. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणा, हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर बोलतात, आणि तिथली मुलंही असे अंक उलटे लिहितात, हे अभ्यासून झालेलं आहे. त्या बदलाच्या बाजूने किंवा विरोधात जायला हरकत नव्हती. पण चर्चेत मुलांच्या वह्या कुणी आणल्याच नाहीत. शिक्षिकांचं बोलणं फारसं ऐकू आलं नाही, आणि ज्यांनी अभ्यास केला होता त्यांचं लेखन इंग्रजीत होतं. ती उणीव मला आजही बोचते.

तुम्हाला वाटणाऱ्या ‘डोक्यावरून जाण्या’बद्दल. मी अकरा वर्षं शिकवून मग संशोधनाकडे वळले. पहिले सहा महिने एकेका पानाला तास लागायचा, आणि एका संस्थेत माझ्या वर्गातल्या नोंदींना ‘हे किस्से झाले, विदा (डेटा) कुठे आहे?’ असं भर चर्चासत्रात ऐकावं लागलं. रडू आलं होतं. नंतर कळलं, बोलण्याची पद्धत चुकीची असली तरी त्यातला एक भाग खरा होता. मी चमकदार उत्तरं तेवढी टिपत होते. गप्प बसलेल्या मुलांची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. तेव्हापासून मी वर्गात शेवटच्या दोन बाकांपासून लिहायला सुरुवात करते. ती भाषा शिकता येते, ताई. नववीला भूमिती शिकवणाऱ्या बाईला एका नव्या परिभाषेची भीती वाटायचं कारण नाही. तुम्ही ती दरवर्षी साठ जणांना शिकवता.

आता राजीनामा. माझं मत विचारताय म्हणून सांगते, या एप्रिलमध्ये देऊ नका. सासऱ्यांचं म्हणणं मला जुनाट वाटत नाही. त्यांना हप्ते दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, पीएचडी करणाऱ्यांसाठीची कनिष्ठ फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं, आणि तीही सगळ्यांना मिळत नाही. नऊ वर्षांच्या कायम नोकरीच्या पगाराशी ती ताडून पाहा, मुलीच्या पाचवी ते नववीचा खर्च धरा, मग मिस्टरांशी बोला, आणि सासऱ्यांशीही आकडे घेऊनच बोला. ‘माझं स्वप्न’ म्हणून बोललात तर ते घाबरतील.

२०२२ च्या यूजीसी नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते, मात्र नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. किमान तीन वर्षं, साधारण कमाल मुदत सहा, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. प्रत्येक संस्था अर्धवेळ घेतेच असं नाही, म्हणून आधी विचारा. शाळेत पगारी, बिनपगारी, अभ्यासासाठी अशी कोणती रजा तुम्हाला लागू होते ते १९८१ च्या खाजगी शाळा कर्मचारी नियमावलीत स्वतः वाचा आणि संस्थेकडून उत्तर लेखी घ्या. हेडक्लार्कच्या तोंडी ‘होऊन जाईल मॅडम’वर विसंबून मी काहींची सेवाखंडाची प्रकरणं झालेली पाहिली आहेत.

पण रजा आणि फेलोशिपच्या आधी प्रश्न पक्का व्हायला हवा. पीएचडीला गेल्यावर प्रश्न सापडेल असं मानून गेलेली माणसं दोन वर्षं मार्गदर्शकाच्या प्रश्नावर काम करताना दिसतात. तुमच्याकडे प्रश्न आहे, त्याला एक वर्ष द्या. जूनपासून सातवीची एकच तुकडी धरा. दोनशे पानी वही करा, रोज तासानंतर तीन ओळी, जास्त नको. मुलाचे शब्द जसेच्या तसे. ‘त्याला कळलं नाही’ असं लिहू नका, तो काय म्हणाला ते लिहा. चुकीच्या उत्तरांचे फोटो काढा, नाव झाकून. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या, पालकांना पालकसभेत सांगा.

आणि दोन-तीन शिक्षक शोधा. आपल्याच शाळेतले असले पाहिजेत असं नाही. सिडकोतला एखादा, नाशिकरोडचा एखादा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कुणाच्या तरी घरी बसा. जपानमध्ये शिक्षक एक पाठ मिळून तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहतात, आणि मग त्यावर बोलतात. ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात त्याला, आणि तिथल्या शाळांत ते कितीतरी पिढ्या चालत आलंय. वर्षातून दोन पाठ असे झाले तरी पुष्कळ. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या वाचकांना यासाठी आपल्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद आहेच. तिथे परिपत्रकं वाचून झाल्यावर एक वही मध्ये ठेवायला कुणी अडवत नाही.

वाचायला काय, असं तुम्ही विचारलंय. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे, १९७४ पासूनचं. त्यांची ‘एपिस्टेम’ नावाची परिषद २००४ पासून भरते आणि तिथले निबंध मोफत वाचायला मिळतात. महिन्याला एक वाचा, पण वर्गाच्या वहीशेजारी ठेवून वाचा. एखाद्या सुट्टीत पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून कुर्ला, हार्बरने मानखुर्द. आधी मेल करून वेळ घ्या आणि तिथल्या पीएचडी करणाऱ्या मुलामुलींशी बोला, प्राध्यापकांशी नंतर. तिसऱ्या वर्षाला आहे त्याला विचारा, शेवटचं शाळेत कधी गेला होतास. उत्तरावरून तुम्हाला त्या जागेबद्दल बरंच कळेल. लिहिताना मराठीत लिहा. ‘जीवन शिक्षण’ आहे, ‘पालकनीती’ आहे, ‘शैक्षणिक संदर्भ’ आहे. तुमचा पहिला लेख पलीकडच्या गल्लीतल्या बाईंना कळला पाहिजे.

वर्षाअखेर वही उघडा. प्रश्न एवढा मोठा झाला असेल की एका वर्गात मावत नाही, इतर शाळा, चित्रीकरण, आकडेमोड हवी, तर पूर्णवेळ जा, आणि अपराधी वाटून घेऊ नका. जाताना एवढी अट घाला की आठवड्याचे दोन तास तरी कुठल्यातरी शाळेत स्वतः घेईन. प्रश्न वर्गातच वाढत असेल तर अर्धवेळ करा, किंवा पदवीविना करा. ‘धड काय’ हा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. मुलाला तुम्ही त्याच बाई असता.

तोवर एक काम आहे, सोमवारचं. त्या मुलाला फळ्यापाशी बोलवा आणि शेकड्याचा हिशेब त्याच्या शब्दांत वर्गाला सांगू द्या. खडू त्याच्या हातात, तुम्ही मागच्या बाकावर. मग संख्या बदला. सत्तरऐवजी पंच्याऐंशी द्या. पन्नास, पंचवीस, दहा असं बहुतेक तो जमवेल. मग त्र्याहत्तर द्या. वरच्या तीन जुड्यांपाशी तो थांबेल. एका जुडीचे साडेबारा काढेल, की ‘तीनचं काय घेऊन बसलात बाई, देऊन टाकायच्या’ म्हणेल, की वहीतल्या रीतीकडे वळेल? जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून मला पाठवा.